भट्टीतली निळी दारं

घरात पोर खोकतं आणि दोष मात्र गावभर वाटला जातो, हे तुम्हाआम्हाला नवं नाही. या गल्लीने तो सगळाच्या सगळा पलीकडच्या कारखान्याच्या माथी मारला होता.

धाकट्या भावाची बेकरी खालच्या मजल्यावर, घर वरच्या. त्याची लेक चिमणी जिना चढली तरी धापा टाकायची; औषधाचा पंप तिच्या उशाशीच असे. "तो कारखाना माझ्या पोरीचा जीव घेणार," म्हणत भावाने अख्खी गल्ली उठवली. थोरली बहीण हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. तो तिच्या मागेच लागला. "ताई, आमच्या गच्चीवर तुझं यंत्र लाव. पुरावा दे, मग बघतो एकेकाला."

ताईने यंत्र लावलं. दुसऱ्या दिवशी त्यातला पांढराशुभ्र फिल्टर काळाकुट्ट झाला. त्यावरची धूळ इतकी बारीक, की नाकात न अडकता थेट फुप्फुसात उतरणारी. पण काय जळलं की धुरातून कोणते पदार्थ येतात, हे ठरलेलं असतं. नीट तपासलं तर धूळ स्वतःच आपला पत्ता सांगते. इथे कारखान्याच्या कोळशाच्या खुणा थोड्याच निघाल्या. लाकूड जळाल्याच्या भरपूर. आणि शिसं.

"हाताळताना घाण लागली असेल," म्हणून ताईने तो फिल्टर बाद केला. दोषी कोण, हे तिनेही आधीच ठरवून टाकलं होतं ना! दुसरा लावला. पुन्हा तेच.

विभागातल्या वयस्कर मॅडमनी निकाल पाहिला. "एवढं शिसं लाकडात नसतं गं. जुन्या तैलरंगात असतं. रंगवलेलं लाकूड कोण जाळतंय तिथे?"

ताईला भावाच्या बेकरीचं मागचं अंगण आठवलं. तिथे पाडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या रचलेल्या असत, निळ्या, हिरव्या, स्वस्तात मिळालेल्या. रोज पहाटे त्याच भट्टीत जात.

"मॅडम, भावाचं पोट आहे त्यावर," ती कशीबशी म्हणाली. "कारखान्याचाही वाटा आहेच की. तेवढाच सांगितला तर?"

"सांग. गल्ली टाळ्या वाजवेल. पण पोरगी तोच धूर ओढत राहील, आणि ते फक्त तुला माहीत असेल."

संध्याकाळी ताईने बेकरीत जाऊन सगळं सांगितलं. भाऊ भडकला. "पुरावा मागितला होता तो माझ्याविरुद्ध?"

"मलाही आधी पटलं नव्हतं रे. म्हणून तर दोनदा तपासलं."

"सगळेच जाळतात असली लाकडं. आजवर कुणाला काय झालं?"

तेवढ्यात वरून चिमणीच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. ती थांबेचना. भावाने हातातल्या निळ्या फळकुटाचा रंग नखाने खरवडला आणि नखाकडे बघत राहिला. "म्हणजे मीच," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग तो तिथेच बसून ओक्साबोक्शी रडला.

सकाळी भट्टी थंड होती. पाव न्यायला आलेल्यांना त्याने स्वतः सांगितलं, "धूर माझाही होता. विजेची भट्टी येईपर्यंत दुकान बंद. कारखान्याला जाब विचारूच, पण आधी माझा हिशेब मला देऊ द्या." मग चिमणीला कडेवर घेऊन तो रक्त तपासायला गेला. तिच्या अंगात किती शिसं उतरलंय, ते अजून कळायचं होतं.

मंडळी, दूरच्या धुराड्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. हवा तपासायची तर आपलं नाव निघालं तरी ते मोठ्याने घ्यायची तयारी हवी. कारण कबूल करायला आपण जेवढा उशीर लावतो, तेवढा धूर आपलंच लेकरू ओढत असतं.