थंडी परत येईल का?

ताईच्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं, पण ते विसरलं म्हणून नव्हे. हवामान केंद्रातून निवृत्त झालेल्या तिच्या धाकट्या भावाला पत्र तोंडपाठ होतं. सफरचंदाची झाडं म्हातारी झालीत, नवी रोपं मागवायचीत. हल्ली हिवाळे कोमट, फळ धरत नाही. लेक म्हणतो, हा निसर्गाचाच फेरा. सूर्य शांत झाला की थंडी परतेल, जुनीच जात लावू. 'तू जन्मभर आभाळाकडे बघितलंस. खरं काय ते लिहून कळव. फोनवर नको, तिथं तू नुसता हं हं करतोस.'

त्यानं कितीदा लिहायला घेतलं. पण दर ओळीत 'बहुधा' आणि 'कदाचित'. आपण कुठले शास्त्रज्ञ, हवा मोजायला आभाळात नुसते फुगे सोडणारे. चुकलो तर? कागद टोपलीत.

एकदा बायको फोन ठेवून आली. "ताई पुढच्या आठवड्यात जुन्याच जातीची रोपं पक्की करताहेत."

"पण मी कुठं तसं म्हणालो?"

"गप्प बसलात ना! भाच्याचं तुम्हाला पटलं, असं धरून चालल्या त्या. थंडी परतणार का नाही?"

"तसं साधारणपणे..."

"पाणी तापलं का विचारलं तरी साधारणपणे! हात पोळला तरी! भाचा म्हणतो तसं हे सूर्यामुळं आहे की नाही, ते मला सांगा."

तो चाचरत बोलू लागला. "फुग्यांनी आम्ही वरचं तापमान मोजायचो. सूर्यच जास्त तापला असता, तर हवा खालपासून वरपर्यंत तापली असती. इथं खालची तापतेय आणि पार वरची गार होतेय. पांघरूण घेतल्यावर ऊब आतच राहते, तसं."

"पांघरूण घातलं कुणी?"

"आपणच. कोळसा, तेल जाळून निघालेल्या वायूचं."

"आणि ज्वालामुखी? वायू तेही सोडतातच की."

"त्यांचा वायू आपल्यापुढं दर्या में खसखस. मोठा फुटला तर उलट वर्ष-दोन वर्षं गारवाच येतो."

"यात कदाचित कुठं आलं हो?"

त्यानं आठवून पाहिलं. कुठंच आलं नव्हतं.

मग बसून लिहिलं: 'ताई, एखादा हिवाळा कडक निघेलही. पण पूर्वीसारखे हिवाळे या रोपांच्या आयुष्यात परत येणार नाहीत. सूर्याला बोल लावू नकोस, हे माणसांचं काम आहे. कमी थंडीत फळणारी जात लाव.' शेवटी सवयीनं 'बहुधा' उतरलं होतं, ते खोडलं.

टपालपेटीच्या तोंडाशी पाकीट धरून तो उभाच राहिला.

"सोडा आता," बायको म्हणाली. "फुगे सोडायचात तसं."

त्यानं सोडलं.