ताईंनी चहा विचारला

काचेच्या त्या कारखान्यात कामगारांवर देखरेख करणाऱ्या ताईंना पाठीमागे सगळे ‘भोंगा’ म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. मशीनच्या घरघरीत दुसऱ्या टोकाच्या माणसाला सावध करायचं तर आवाज लागतोच. पण त्या दिवशी सकाळपासून भोंगा वाजलाच नव्हता.

कारण मालकांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, “तुमच्या तोंडापायी दोन माणसं सोडून गेली. आता आणखी एक जरी गेला, तर त्याच्या मागोमाग तुम्ही.” वर एका प्रशिक्षणालाही धाडलं होतं. तिथल्या बाईंनी शिकवलं होतं, की माणसाला बाजूला घ्या, चहा विचारा, त्याला कसं वाटतंय ते विचारा आणि मधे तोंड घालू नका.

ताईंच्या जिभेला नुसती खाज सुटली होती. समोर जावई उघड्या हातांनी काच उचलत होता. खरा कुणाचा जावई नव्हता. पाहुण्यासारखा येतो आणि हातचं राखून काम करतो म्हणून हे नाव पडलेलं.

“हातमोजे घातलेत तर मला बरं वाटेल,” ताई म्हणाल्या.

जावयाने काच हळूच खाली ठेवली. “ताई, अंगात ताप आहे का तुमच्या?”

पॉलिशवाली फिसकन हसली. ताईंनी ओठांवर आलेलं गिळलं. त्यांचं लक्ष काकांकडे होतं.

काका सगळ्यात जुने. दुकानाच्या दर्शनी भागाच्या मोठ्या काचा कापाव्यात तर त्यांनीच. आजही तशीच एक काच टेबलावर आडवी पडली होती. पण गेले काही दिवस काका गप्प होते. डबा खायला एकटे बसत, कुणी हाक मारली की दचकत. तिसरा जाणार तो हाच, असं ताईंच्या मनाने घेतलं होतं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करायची ठरवून ताई स्वतः चहाचा पेला घेऊन गेल्या.

“काका, दोन मिनिटं बसू या का बाजूला? चहा घ्या. कसं वाटतंय तुम्हाला इथे?”

आजूबाजूच्या टेबलांवरचं काम थांबलं. काकांनी पेला घेतला, पण ओठांना लावला नाही.

“बरं वाटतंय,” ते म्हणाले. “बरंच वाटत होतं.”

ताई मधे बोलल्या नाहीत. शिकवलंच होतं तसं. काका पेला तसाच खाली ठेवून टेबलाशी गेले. काच कापायची हिरकणी त्यांनी फडक्याने पुसली, त्याच फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. मागोमाग पट्टी गेली, डबा गेला.

इतकं गोड बोलूनही हा निघालाच! ताईंनी वर पाहिलं. मालकांच्या केबिनची काच आणि त्यामागे मालकांची सावली. काका मागच्या अंगणात गेले.

“अगं, हे चालले कुठे?” ताईंनी पॉलिशवालीला विचारलं.

“तुम्हीच चहा पाजलात आणि वर मलाच विचारताय?”

तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. मालक ज्याला काढायचं त्याला वर बोलावत, चहा देत, तब्येतीची चौकशी करत आणि मग हिशोब हातात ठेवत. ‘त्याचा चहा झाला’ म्हणजे काय, हे कारखान्यात झाडूवालाही जाणून होता. ताईही जाणून होत्या. पण चहा पाजणारा म्हणजे मालक. आपल्या हातातल्या पेल्याचा तोच अर्थ होईल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या धावतच अंगणात गेल्या. काका लाकडी खोक्यावर बसले होते.

“काका, मी तुम्हाला काढत नाहीये! तुम्ही गेलात तर मालक मलाच काढतील. मला भीती वाटतेय, कळतंय का?”

हे त्या कुणापुढेच बोलल्या नव्हत्या. घरीसुद्धा नाही.

काकांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “मागच्या आठवड्यात माझी काच तिरकी गेली. तुम्ही पाहिलंत. आणि ओरडलात जावयावर.”

ताईंना आठवलं. काकांना टेपवरचे आकडे दिसत नाहीत हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून राग दुसऱ्यावर काढला होता.

“ज्याच्यावर ओरडायचंही सोडलं, तो कामातून गेलेला,” काका म्हणाले. “आठवडाभर झोप नाही मला.”

“मग बोलायचं नाही का? चष्मा करून घ्यायला काय धाड भरली होती?” ताईंचा आवाज आपोआप चढला. “उठा! आकडे मी वाचते, तुम्ही कापा. आणि उद्या चष्म्याशिवाय आलात तर बघा.”

काका उठले.

ताईंनी टेपवरचे आकडे मोठ्याने वाचले, पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. हिरकणी काचेवरून सलग, बारीक सळसळत गेली. कुठेही अडखळली नाही. काच बरोबर रेघेवर सुटली, तेव्हा जावयाने कोंडलेला श्वास सोडला.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. मालक कठड्यावरून वाकले, अगदी हसतमुखाने.

“ताई, जरा वर येता का? चहा घेऊ.”

पॉलिशवालीने मशीन बंद केलं. ताईंच्या हातातली टेप खळकन आत गेली. काकांना पिशवी भरताना मालकांनी पाहिलं असणार. परत येताना पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.

काकांनी हिरकणी खिशात टाकली. “चला.”

“तुम्ही कशाला?”

“कोण गेलंय आणि कोण नाही, ते दिसू दे की त्यांना. शिवाय माझा मघाचा चहा गार झाला.”

ताई जिन्यापर्यंत गेल्या आणि गर्रकन वळल्या.

“जावई! हातमोजे!”

जावई धडपडत हातमोज्यांकडे धावला. ताईंनी कठडा घट्ट धरला. मागून काकांची पावलं येत होती. ती थांबत तर नाहीत ना, हे ऐकत त्या वर चढू लागल्या.