चेपलेली व्हील कॅप

नोएल अरेंड्सेच्या क्लबात एक चेपलेली व्हील कॅप होती, आणि भल्याभल्यांना तिची धास्ती वाटायची. दर रविवारी सकाळी अथलोनहून पंधरा-वीस गाड्या निघत, घाट चढून पलीकडच्या फार्मवर नाश्त्याला जात. वाटेत ज्याची गाडी गर्रकन फिरेल त्याने ती व्हील कॅप पुढच्या काचेशी ठेवून गावभर हिंडायचं, पुढचा कोणी फिरेपर्यंत. वर खिळ्याने स्वतःच्या हाताने तिच्यावर आपलं नाव कोरायचं. ही रीत नोएलनेच एकवीस वर्षांपूर्वी काढली होती. कॅपवर अकरा नावं होती आणि नोएलचं नव्हतं. हे तो कोणाला विसरू देत नसे.

तसा त्याला हक्क होता म्हणा. एकतीस वर्षं बस कंपनीत नवे ड्रायव्हर तयार करण्यात गेलेली. क्लब जपानी गाड्यांचा. इंजिन पुढे, जोर लावणारी चाकंही पुढे. रस्त्यात मागे इंजिन असलेली जर्मन गाडी दिसली की नोएल हमखास म्हणायचा, "आला बघा भाजीवाला. इंजिन डिकीत आणि कोबी बॉनेटमध्ये."

आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने घेतलं काय, तर तेच. चौदा वर्षं जुनी, राखाडी रंगाची, ढुंगणाशी इंजिन असलेली जर्मन स्पोर्ट्स कार. बायको बेरिल म्हणाली, "आता लोक तुला तुझेच शब्द खायला घालतील." लोकांनी घातलेच. पहिल्याच रविवारी रँडलने, जो क्लबात सगळ्यात तोंडाळ, सगळ्यांसमोर विचारलं, "अंकल नोएल, आज कोबी काय भाव?" नोएल हसला, पण ते हसू ओठांच्या आत काही गेलं नाही. त्याच क्षणी त्याने ठरवलं की ही गाडी आपण अशी चालवायची की या पोरांची बोलती बंद झाली पाहिजे.

गाडीला नवे टायर हवे होते. ते बसवले आणि चाकांचं अलाइनमेंट केलं साडिकने. साडिक अब्राहम्स नोएलचा शाळेपासूनचा दोस्त. क्लिपफोंटेन रोडवर त्याचं टायरचं दुकान, आणि क्लबातल्या एकूण एक गाडीची चाकं त्याच्या हाताखालून गेलेली. दर रविवारी त्याची बायको गदीजा तळून, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेल्या कूसिस्टरचा डबा पाठवायची, आणि फार्मवर पोचण्याआधीच त्याचा फडशा पडायचा.

शनिवारी संध्याकाळी किल्ली हातात देताना साडिक म्हणाला, "नोएल, एक सांगू? वळणात रेस सोडू नकोस. तुझ्या जुन्या गाडीत तू वेगात आत शिरायचास, नाक बाहेर पळायला लागलं की पाय उचलायचास, आणि नाक गुपचूप आत यायचं. हिचं वजन मागे आहे. पाय उचललास की शेपूट पुढे येईल. जो काय वेग कमी करायचा तो वळणाआधी."

"साडिक," नोएल म्हणाला, "मी माणसांना गाडी चालवायला शिकवायचो. तू मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत बाबा. नुसतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी साडिक आला नव्हता. गदीजाच्या भाचीचं लग्न होतं. डबा मात्र आला होता. नोएल सगळ्यात पुढे, शेजारी बेरिल, मांडीवर कूसिस्टरचा डबा. घाटात गाडी अशी काही चढत होती की नोएलला जुन्या गाडीची कीव आली. चौथ्या वळणावर तो जरा जास्तच वेगात शिरला. खरं म्हणजे तिथे काहीच बिघडलं नव्हतं, गाडीने ते वळण पेललं असतं. पण वळण पुढे आवळत गेलं, आणि जुन्या गाडीची सव्वीस वर्षांची सवय असलेला उजवा पाय आपला आपण वर उचलला गेला.

मागची बाजू पुढे आली. डोंगर, आभाळ, कठडा, परत डोंगर. गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड आल्या वाटेकडे होतं. कशाला धडकली नाही, ओरखडाही नाही. बेरिलच्या केसांत खोबरं होतं. समोरून क्लबच्या गाड्या एकेक करून वळणावर येऊन थांबायला लागल्या, आणि प्रत्येक काचेमागून एकेक चेहरा नोएलकडे बघू लागला.

रँडल उतरून धावत आला. "अंकल, लागलं का? आँटी, तुम्ही ठीक?" मग सगळं ठीक आहे म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, आणि नोएलला ती व्हील कॅप डोळ्यांसमोर दिसली.

"मागचं चाक ओढतंय," नोएल म्हणाला. "काल साडिकने अलाइनमेंट केलं ना, काहीतरी राहिलंय त्यात."

नाचता येईना अंगण वाकडं. पण या अंगणाला मालक होता, आणि तो तिथे हजर नव्हता.

फार्मवर रँडलने साडिकला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. लग्नाचा गलका ऐकू येत होता. रँडलने सांगितलं. मग साडिकचा आवाज आला, "नोएल म्हणतोय का तसं?"

"हो अंकल."

"मग असेल. नोएल म्हणतोय तर असेल. कोणाला लागलं तर नाही ना? उद्या गाडी घेऊन ये म्हणावं, बघतो."

बेरिलने कॉफीचा कप खाली ठेवला. तिने नोएलचा पाय बघितला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो अंड्यावर मीठ घालत राहिला, गरज नसताना, तीनदा.

घरी ती एवढंच म्हणाली, "व्हील कॅप अर्धा किलोची पण नसेल. तेवढी उचलवली नाही तुला."

सोमवारी साडिकने चाकं पुन्हा मोजली, पुन्हा जुळवली, पैसे घेतले नाहीत. नोएल मात्र दर बुधवारी गुपचूप रेस ट्रॅकवरच्या घसरपट्टीवर जायला लागला. पाणी मारलेलं गुळगुळीत मैदान, शिकाऊ लोक जिथे गाडी सावरायला शिकतात. तिथे एकोणीस-वीस वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत हा एकसष्ट वर्षांचा गुरुजी उभा राहायचा. पहिल्याच बुधवारी त्याचा पाय शहाणा व्हायला लागला. वेग वळणाआधी कमी, वळणात रेस कायम. गाडी त्याला कळायला लागली, आणि खरं सांगायचं तर इतकी चांगली गाडी त्याने जन्मात चालवली नव्हती.

घात झाला तो इथेच. पुढच्या रविवारी नोएलची गाडी घाटात सुतासारखी सरळ चालली, आणि रँडल म्हणाला, "बघा, अंकल साडिकने पुन्हा अलाइनमेंट केल्यावर कशी चालली. म्हणजे आधी चूकच होती." एकाने मान हलवली, दुसऱ्याने हलवली. त्या आठवड्यात दोघांनी आपली चाकं दुसरीकडे नेली. पुढच्या आठवड्यात आणखी चौघांनी. कोणी वाईट बोललं नाही. म्हातारा झाला बिचारा, एवढंच. साडिक नाश्त्याला यायचा बंद झाला आणि कूसिस्टरचा डबाही.

चौथ्या आठवड्यात नोएल दुकानात गेला. साडिक एका गाडीपाशी उकिडवा बसला होता. अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे दिसत असूनही तो चाकाला दोरी लावून जुन्या पद्धतीने माप घेत होता, चष्मा कपाळावर, चष्मा डोळ्यावर, परत कपाळावर.

"मशीन काय म्हणतंय?" नोएलने विचारलं.

"मशीन बरोबर आहे म्हणतंय. तुझ्या वेळी पण बरोबरच म्हणत होतं," साडिक म्हणाला. "तू सोमवारी आणलीस ना, तेव्हा आधी मोजलं मी. शनिवारचेच आकडे. इकडचं तिकडे नाही. म्हटलं, मग मशीन बिघडलं असणार. माणूस बोलावून तपासलं, ते ठीक निघालं. म्हणजे राहिलो मी." त्याने डोळ्यांकडे बोट केलं. "वाचायला चुकत असेन. कोणाच्या पोराबाळांची गाडी माझ्या हातून जायची आणि काही व्हायचं. गदीजा म्हणते, आता पुरे. महिनाअखेर मशीन देऊन टाकतो, नुसते टायर विकीन."

नोएलच्या तोंडाशी शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता. आणि तो म्हणाला, "डॉक्टरला दाखव एकदा."

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की किल्ली लावता येईना. मशीनवर नाही, स्वतःच्या डोळ्यांवर नाही, त्या माणसाने विश्वास ठेवला होता तो नोएलवर.

रविवारी फार्मवर तो उभा राहिला. चमच्याने कप वाजवला. "त्या दिवशी अलाइनमेंट ठीक होतं. मी वळणात पाय उचलला. साडिकने आदल्या दिवशी बजावलं होतं, तरी उचलला. आणि नाव त्याचं घेतलं."

नोएलने खाली बघितलं. आता शिव्या येतील, म्हणजे बरं वाटेल.

रँडल उठला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, तुमच्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं. त्यांचं दुकान बसतंय म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. आम्हाला काय कळत नाही?" कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. नोएल म्हणाला, "अरे, खरंच मी—" पण टाळ्यांत ते बुडालं. शेजारी बेरिलने कपाळाला हात लावला.

"पुढच्या रविवारी घाट नाही," नोएल ओरडला तेव्हा कुठे लोक थांबले. "सगळे घसरपट्टीवर या. आणि साडिकला मी आणतो."

साडिकला त्याने आदल्या दिवशी दुकानात सगळं सांगितलं. सांगताना तो दोरीकडे बघत होता. साडिकने दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली, दुकानाचं शटर ओढलं आणि तो घरी गेला. नोएलला वाटलं, हा काही उद्या येत नाही. पण सकाळी तो फाटकाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

मैदानाच्या कडेला क्लब ओळीने उभा होता. साडिक शेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला. नोएलने गाडी पाण्यात घातली, वळणात शिरला. उचलायचा होता नुसता पाय. तो उचलेना. पाच बुधवार झिजून शिकलेला पाय पेडलवर चिकटून बसला, आणि गाडी शहाण्यासारखी वळण घेऊन बाहेर आली. कडेला लोक हसले. रँडल म्हणत होता, "बघा, म्हटलं नव्हतं? गाडीत काही दोष नाही आणि अंकलमध्येही नाही."

दुसऱ्यांदाही तेच झालं. एवढ्या सहज खोटं बोललेल्या माणसाला आता खरं करून दाखवता येत नव्हतं.

तिसऱ्यांदा वळणात शिरताना साडिक पहिल्यांदा बोलला. पुढे बघत, अगदी हळू आवाजात.

"उचल पाय."

नोएलने पाय उचलला. मैदान, माणसं, फाटक, परत माणसं. गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड क्लबाकडे होतं आणि कोणी हसत नव्हतं. रँडलच्या हातातला फोन खाली आला होता.

साडिक उतरला. पाण्यात उकिडवा बसला, मागच्या टायरवरून हात फिरवला, एक डोळा मिटून चाकाच्या कडेकडे बघितलं. चष्मा खिशातच होता.

"सरळ आहे," तो म्हणाला. मग तसाच बसून, नोएलकडे न बघता म्हणाला, "गिऱ्हाईक गेलं त्याचं काही नाही. गिऱ्हाईक येतं-जातं. पण महिनाभर मी सकाळी उठून आधी एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचो, मग दुसरा. गदीजाला कळू नये म्हणून ती बाथरूममधून बाहेर यायच्या आधी."

"माफ कर," नोएल म्हणाला, आणि ते किती तोकडं आहे हे त्यालाच ऐकू आलं.

साडिकने रँडलकडे हात केला. "ती कॅप आण. आणि खिळा."

नोएलने गाडीच्या बॉनेटवर कॅप ठेवून नाव कोरलं. बारावं. पत्रा जाड होता, वेळ लागला, आणि सगळे उभे राहिले. कोरून झाल्यावर तो ती काचेशी ठेवायला निघाला तर साडिकने हातातून घेतली. "ही तुझ्या गाडीत नाही राहायची. माझ्या दुकानात राहील. मशीनच्या वर."

मशीन दिलं नाही त्याने. गिऱ्हाईकं हळूहळू परत आली. एका रविवारी कूसिस्टरचा डबाही आला, पण तो रँडलच्या गाडीत. नोएलने तो मागितला नाही.

टायर बदलायला, हवा बघायला नोएल अजून साडिककडेच जातो. कोणी नवं गिऱ्हाईक बसलेलं असलं, तर ते वर बघून हमखास विचारतं, हे काय आहे, ही नावं कोणाची. साडिक चाकाशी वाकलेला असतो. मान वर न करता म्हणतो, "सगळ्यात खालचं नाव यांचं. यांनाच विचारा."

मग नोएल सांगतो. घाट सांगतो, वळण सांगतो, पाय कसा उचलला तेही सांगतो, आणि तिथवर त्याला आता सरावाने हसूही आणता येतं. पुढे फोन टेबलावर ठेवल्याचं येतं, आणि दर वेळी तिथे तो अडतो. नोएल म्हणतोय तर असेल, एवढं वाक्य त्याला अजून पूर्ण म्हणता आलेलं नाही. गिऱ्हाईक वाट बघतं, आणि साडिक पाना फिरवत राहतो.