जिन्यापर्यंत

“काका, फोन जरा खाली धरा. खिडकीपासून तिसरी फरशी हलते ना?”

लुओंगकाका जागच्या जागी थबकले. फरशी हलत होती हे खरं, पण जाहिरातीत असलं कोण लिहितं? साथीने सायगॉनच्या गल्ल्या बंद पडल्या होत्या, म्हणून भाड्याचं घर बघायचं ते फोनवरच. सकाळपासून तिघांना त्यांनी मोरीसकट सगळं दाखवलं होतं. ही चौथी, न्यान नावाची नर्स. पडद्यावर मास्कच्या वर नुसते दोन डोळे.

“हलते थोडीशी,” ते म्हणाले. “तुला कसं कळलं गं?”

“स्वयंपाकघरात चला ना. फळीवर बिस्किटांचा निळा डबा असेल. आत बिस्किटं नाहीत, सुया-दोरे आहेत.”

काका स्वयंपाकघरात गेले. डबा तिथेच होता. तीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडलेला, भुताखेतांची टर उडवणारा हा माणूस. आज भरदुपारी स्वतःच्याच घरात त्याचे तळवे गार पडले.

“कोण आहेस तू? म्हाताऱ्याची चेष्टा करतेस?”

“नाही हो काका! थोआमावशी माझ्या वॉर्डात होत्या. झोप लागेना की डोळे मिटून मला हे घर दाखवायच्या. ‘चप्पल काढ पोरी, आता फरशी सांभाळ.’ आज जाहिरातीत हिरवी खिडकी दिसली नि मी ओळखलीच.”

थोआ म्हणजे त्यांची बायको. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना “भातात पाणी जास्त घाल” एवढंच बोलली, आणि सतराव्या दिवशी लष्कराचे जवान तिच्या राखेचा कलश दारात ठेवून गेले. तोंडसुद्धा बघू दिलं नाही. तेव्हापासून एकच गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. ती विचारायला कोणी भेटलंच नाही. घर खायला उठायचं, म्हणून ते भाड्याने देऊन ते दालात शहरी मुलाकडे निघाले होते.

“शेवटी... एकटीच होती का गं?”

“नाही. माझा हात धरला होता घट्ट. घर बघत बघत जिन्यापर्यंत आलो होतो आम्ही.”

लुओंगकाका लहान मुलासारखे रडले. न्यानने रडू दिलं.

“एक निरोप आहे,” ती मग म्हणाली. “दारातल्या खुर्चीत झोपू नका म्हणाल्या, तुमची मान धरते. ‘मी काही आता दारातनं यायची नाही’ म्हणाल्या.”

त्यांचं रडं गपकन थांबलं. खुर्चीत ते झोपायला लागले ते कलश घरी आल्यावर. शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता.

“हे कधी म्हणाली ती?”

न्यानने नजर खाली वळवली.

“परवा. ड्यूटीवर डुलकी लागली होती मला, काका.”

डोक्यावर पंखा तेवढा कुरकुरत होता. काकांनी फोन निळ्या डब्याला टेकवून ठेवला. दारातली खुर्ची उचलून टेबलापाशी, तिच्या जुन्या जागी नेली. इतके दिवस नुसतं लोटून ठेवलेलं दार बंद केलं आणि कडी घातली.

मग फोन हातात घेऊन ते जिन्यापाशी आले.

“वरचं राहिलंय बघायचं,” ते म्हणाले. “चप्पल काढलीस ना, पोरी?”