शाळा सोडण्याचे कारण

"बाई, अकरा दाखले लिहून ठेवा. कारण नेहमीचंच, पालकांच्या विनंतीवरून," हेडमास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले.

"कोणत्या पालकांनी विनंती केली?"

"उगाच फाटे फोडू नका. सोमवारी चाचणी आहे."

एकोणीस वर्षं मी या शाळेत क्लार्क आहे, फाटे कुठे फुटतात ते मला ठाऊक आहे. आमच्या भागात सरकारी प्राथमिक शाळा पाच. गेली तीन वर्षं चौथीच्या चाचणीवरून पाचही शाळांची तुलना होते आणि आम्ही दरवर्षी पाचवे. यंदा तळाची शाळा बंद करायचा आदेश होता.

"हे अकरा कच्चे नसले तर आपण तिसरे येतो. शाळा वाचते, बाई," हेडमास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. शाळेपायी त्यांची झोप उडाली होती.

मी कपाटातून फाईल काढून त्यांच्यासमोर आपटली. त्रेपन्न दाखले. बाकीच्या चार शाळांनी आमच्याकडे धाडलेल्या मुलांचे, सगळे ऐन चाचणीच्या तोंडावरचे. सगळ्यांवर कारण तेच.

बोटांवर मोजणारी एक मुलगी अशीच आली होती. शाळा का बदलली, असं मी तिच्या आईला विचारलं. ती दहा घरची भांडी घासायची.

"मी कुठं बदलली? कागद हातात दिला न् म्हणाले, तिकडं न्या. वाचता आलं असतं तर भांडले नसते का?"

ती मुलगी या अकरांत होती. अजून बोटांवरच मोजायची, पण आता शंभरापर्यंत न चुकता.

"सर, चौघांनी टाकलेली पोरं आपण घेतली, म्हणून आपण पाचवे. आता आपणही टाकायची? माझ्या हातून होणार नाही. तुम्ही लिहा."

त्यांनी पेन उचललं. मुलीचं नाव लिहिलं, कारणापाशी थांबले आणि पेनाला टोपण लावलं.

अकराही जण चाचणीला बसले. शिक्षण खात्याचे साहेब तुलनेचा तक्ता घेऊन आले तेव्हा मी फाईल पुढे केली. त्यांनी ती सभ्यपणे चाळली.

"बाई, तक्त्यात याला रकाना नाही."

"मग आखा. पट्टी देऊ?"

साहेबांनी पट्टी घेतली नाही. आम्ही पाचवे आलो.

शेवटच्या आठवड्यात मी एकशे अठ्ठेचाळीस दाखले लिहायला बसले. वरून नमुना आला होता. कारणाच्या जागी छापलं होतं, पालकांच्या विनंतीवरून. माझं डोकंच सणकलं. नमुना बाजूला सारून मी प्रत्येक दाखल्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: शाळा बंद केली. पालकांची विनंती नव्हती.

"परत पाठवतील," हेडमास्तर म्हणाले.

"पाठवू देत. पुन्हा हेच लिहीन."

त्यांनी पहिल्यावर सही केली, मग पुढचा ओढला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत सगळे संपवले.

भांडीवाली बाई मुलीला घेऊन आली. दाखला हातात घेऊन तिने विचारलं, "ह्याच्यावर काय लिहिलंय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीनेच कागद ओढून घेतला. अक्षराखाली बोट धरून, अडखळत, तिने दोन्ही वाक्यं वाचली.

"पुन्हा वाच," आई म्हणाली. "जरा मोठ्यानं."