दुसऱ्यांदा उतरवलेलं वजन

कृणालला किडनी कोण देणार, हा प्रश्न त्यांच्या घरात फार दिवस चालला नाही. आई सरूबाईला डायबेटिस. बायको दिपालीच्या तपासण्या जुळल्या नाहीत. वडील कधीच गेलेले. राहिली मोठी बहीण, कल्पिता. तिला कुणी विचारलंही नाही आणि तिनंही कुणी विचारायची वाट पाहिली नाही. "माझी तपासा," असं ती डॉक्टरांना म्हणाली.

कृणाल मढचा कोळी, स्वतःची होडी असलेला. वर्षभरापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली गेली. तेव्हापासून तो आठवड्यातून तीनदा तरीतून खाडी ओलांडून वर्सोव्याला यायचा आणि तिथून रिक्षानं अंधेरीच्या हॉस्पिटलात डायलिसिसला. कल्पिता लग्न करून वाकोल्याला आली होती. नवरा राजेश बसडेपोत मेकॅनिक. ती घरी ब्लाऊज शिवायची.

तिच्या तपासण्या उत्तम आल्या. अडलं ते वजनावर.

"एवढ्या वजनावर आम्ही तुमची किडनी काढणार नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "उद्या तुम्हालाच बीपी, साखर लागली तर एकाच किडनीवर काय करणार? आधी वजन उतरवा."

तिनं उतरवलं. भात बंद केला, भाकरी अर्धी केली. चहातली साखर गेली, मग चहाच गेला. सकाळी कलिना कॅम्पसमध्ये चालायला जायची, परत येऊन मशीनवर बसायची, संध्याकाळी पुन्हा चालायची. गणपतीपासून होळीपर्यंत तिचं अठरा किलो वजन उतरलं. गल्लीतल्या बायका थांबवून विचारायच्या, काय गं, काय खातेस? तिनं स्वतःचे सगळे ब्लाऊज उसवून आत घेतले. ऑपरेशनची तारीखही मिळाली.

तारखेच्या आदल्या आठवड्यात कृणालला बारीक ताप आला. खोकला होताच. तपासणीत टीबी निघाला.

"औषधांचा कोर्स पूर्ण झाल्याशिवाय ऑपरेशन नाही," डॉक्टर म्हणाले. "तोपर्यंत डायलिसिस चालू ठेवू. ताई, तुम्ही वजन एवढंच ठेवा, बास."

एवढंच ठेवणं तिला जमलं नाही.

तिनं सुटल्यासारखं खायला सुरुवात केली असंही नाही. अर्ध्या भाकरीची एक केली, दुपारी मूठभर भात घ्यायला लागली. राजेश तिच्या दुप्पट जेवायचा आणि वर्षानुवर्षं तसाच होता. कल्पिताचं वजन मात्र पहिल्या महिन्यात दोन किलोनं वाढलं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढंच. आणि भूक तर अशी लागायची, की आधी आयुष्यात तशी कधी लागली नव्हती. जेवून उठल्यावर तासाभरात पोटात खड्डा पडायचा. काजं करता करता डोळ्यांपुढे सुक्या बोंबलाची चटणी यायची. ती पाणी प्यायची, पुन्हा पाणी प्यायची, आणि मग कधीतरी उठून डब्यातलं काहीतरी तोंडात टाकायची. टाकलं की स्वतःचीच चीड यायची. सकाळी चालताना पाय दगडासारखे जड व्हायचे, आणि इतरांना घाम फुटायचा तेव्हा तिला गार वाटायचं.

पावसाळ्यात ती मढला माहेरी गेली. सकाळपासून तिनं फक्त एक काकडी खाल्ली होती. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि टोपातला उरलेला भात, त्यावर जवळ्याचं कालवण घेऊन ओट्याशी उभ्या उभ्याच खायला लागली. दिपाली पाणी घ्यायला आत आली आणि दारातच थांबली.

"ताई, नसेल द्यायची तर सरळ सांग ना."

"काय नसेल द्यायची?"

"तुला माहितीये काय ते. वजन वाढलं की डॉक्टर आपोआप नाही म्हणणार. मग तुझ्यावर बोलही नाही यायचा."

कल्पिताच्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत सरूबाई मागे येऊन उभी राहिली. कल्पितानं आईकडं पाहिलं. आई लेकीची बाजू घेईल, निदान सुनेला गप्प तरी करेल, असं तिला वाटलं. सरूबाई टोपाकडं बघत होती.

"जरा जिभेला आवर घाल गो," ती म्हणाली. "पोरगा माझा सुकत चाललाय."

कल्पितानं ताटली घासून पालथी घातली, चपला घातल्या आणि ती तरीच्या वाटेला लागली. चहाला थांब म्हणून कुणी म्हणालं नाही.

घरी आल्यावर तिनं दोन दिवस नुसतं ताक प्यायलं. तिसऱ्या दिवशी मशीनवरच चक्कर येऊन तिचं डोकं पुढं आपटलं. राजेशनं ऐकून घेतलं नाही. रजा टाकून तो तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. डायलिसिसचा दिवस होता, बाहेर बाकावर दिपाली बसली होती. कल्पितानं तिला हाताला धरून डाएटिशियन मॅडमच्या खोलीत नेलं.

"मॅडम, मी मुद्दाम करते का ते हिच्यासमोर सांगा. मलाही कळू दे एकदा."

मॅडमनी आधी तिच्या कपाळाचं टेंगूळ पाहिलं. मग ती काय काय खाते ते एकेक करून विचारलं. कल्पितानं सगळं सांगितलं, टोपातला भातसुद्धा.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही वजन उतरवलंत ते तुमच्या दृष्टीनं. शरीराला वाटलं दुष्काळ पडला. मग ते खर्च कमी करतं. बारीक झालेल्या शरीराला तसंही कमी लागतं, पण हे त्याहूनही खाली जातं. आज तुमच्याएवढ्याच वजनाची दुसरी बाई असेल, जिनं कधी डाएट केलं नाही, ती जेवढं खाऊन आहे तशी राहील, तेवढ्यावर तुमचं वजन वाढेल."

"आणि भूक?" कल्पितानं विचारलं.

"तीही तिथूनच. भूक लावणारी रसायनं वाढतात, पोट भरल्याचं सांगणारी कमी होतात. गेलेलं वजन परत मिळेपर्यंत शरीर मागतच राहतं."

"किती दिवस?"

"दिवस नाही. वर्षं म्हणा. काहींचं थोडं सैल होतं, काहींचं होत नाही."

कल्पिताला वाटलं होतं, आपली चूक नाही हे ऐकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. दिपालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

बाहेर आल्यावर कल्पिता डायलिसिसच्या वॉर्डात गेली. कृणाल पलंगावर पडला होता, हाताला नळ्या लावलेल्या. घरात काय झालं ते त्याला कळलं होतं.

"ताई, सोड ना," तो म्हणाला. "चाललंय माझं असंच. तुझी वाट लागतेय."

"गप रे."

"खरंच. दिपा बोलली ते मनावर नको घेऊ."

"घेतलं मी मनावर," कल्पिता म्हणाली. "पण तुझ्यावर नाही काढणार."

तो हसला. त्याचे ओठ फुटले होते. डायलिसिसवर असल्यामुळं त्याला दिवसाला मोजकंच पाणी. तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा.

"तुला माहितीये," तो म्हणाला, "मला स्वप्नात माठ दिसतो. नुसता माठ. आयुष्य पाण्यावर काढलं, आता घोटासाठी जीव जातो."

"मला बोंबलाची चटणी दिसते."

दोघंही हसायला लागले, इतके की नर्सनं येऊन नळ्या तपासल्या. मग कल्पिताला रडू आलं. कृणालनं मोकळा हात तिच्या हातावर ठेवला.

पुढच्या आठवड्यात सरूबाई पिशवी घेऊन वाकोल्याला आली. लेकीला मदत म्हणून आले, असं म्हणाली. नजर ठेवायला आली आहे हे कल्पिताला कळत होतं, पण भांडायला तिच्यात ताकद नव्हती. मॅडमनी आता नवीन आखणी करून दिली होती. उपाशी राहायचं नाही, अंडी, मासे, डाळ पोटभर खायची, भात थोडा, आणि चालण्याबरोबर वजनं उचलायची. वजन उतरेल, पण फार हळू. सरूबाई कल्पिताचं ताट बघायची, तिला पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम करताना बघायची. एका सकाळी काट्यावर आकडा तसूभरही हलला नव्हता. कल्पिता काट्यावरून उतरली आणि भिंतीला टेकून तिथंच खाली बसली.

सरूबाईनं दुपारी बांगडा तळला. आपल्या हातानं काटा काढून तिनं तुकडा लेकीच्या तोंडापुढं धरला.

"खा गो. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी, तू किती खातेस ते."

"नको, आई. माझं खाऊन झालं."

"एक घास."

कल्पितानं खाल्ला. संध्याकाळी सरूबाईनं मढला फोन लावला आणि दिपालीशी बराच वेळ खालच्या आवाजात बोलत राहिली.

कृणालचा कोर्स संपला तेव्हा कल्पिताचं वजन पहिल्या वेळी उतरवून आणलेल्या आकड्यापेक्षा पाच किलो जास्त होतं. ती मान खाली घालून डॉक्टरांसमोर बसली. त्यांनी साखर, बीपी, बाकीचे सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले, इतर डॉक्टरांशी बोलले. शेवटी म्हणाले, "एवढं चालेल. पण ऑपरेशननंतर दरवर्षी तपासणीला यायचं. न चुकता."

थंडीत ऑपरेशन झालं. किडनी लगेच चालू झाली. कृणालला पाणी प्यायला परवानगी मिळाली तेव्हा कल्पिता दुसऱ्या वॉर्डात होती, कूस बदलली तरी दुखायचं. राजेशनं तिला मोबाईलवर दाखवलं. कृणाल ग्लास दोन्ही हातांत धरून पीत होता आणि थांबत नव्हता.

उन्हाळ्यात ती तपासणीला गेली. वजन पुन्हा चढलं होतं. मॅडमनी वजन उतरवायच्या औषधाबद्दल काही सांगितलं, विचार करा म्हणाल्या. कल्पिता हो म्हणाली. बाहेर बाकावर दिपाली होती, कृणालच्या तपासणीसाठी आलेली. मढच्या त्या दुपारपासून दोघी कामापुरतंच बोलायच्या.

"काय म्हणाल्या?" दिपालीनं विचारलं.

"परत वाढलंय."

दिपालीनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"वाढू दे," ती म्हणाली. "बस जरा. दमलीयेस."

कल्पिता बसली. आत कृणालचं नाव पुकारायला अजून वेळ होता.