म्हातारीची दाढ

तांबटकाकांची म्हातारी घोडी आठवडाभर उपाशी होती. घास चघळायची आणि तसाच खाली टाकायची. मागची दाढ किडली होती. ती निघाली नाही तर घोडी काही जगत नाही, हे तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना दिसतच होतं.

"काढा, पण तिला कळू देऊ नका," काकू म्हणाल्या. "काल ह्यांची बोटं थोडक्यात वाचली."

"औषधानं गुंगी येईल आणि दुखणंही मरेल, काकू. पण हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून बेतानंच देते. आणि आता सगळ्यांनी अगदी गप्प. जनावर बिथरलं की औषधाचं काही चालत नाही."

अंगणात तांब्याची घागर ठोकत बसलेल्या काकांनी हातोडी खाली ठेवली, मुलांनीही ठेवल्या. मानेच्या शिरेत सुई गेली.

आता मान खाली यायची, तर घोडीनं कान टवकारले. डोळे वटारून खूर आपटला.

"औषध जुनं तर नाही?" काका कुजबुजले.

"तुमच्याइतकं नसेल," काकूंनी दटावलं.

आणखी द्यावं तर म्हाताऱ्या हृदयाला झेपेल का? डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या छातीला नळी लावली. ठोके मंदावले होते, म्हणजे औषध पोचलं होतं. मग ही घाबरली कशाला? घोडी टक लावून बघत होती ती गप्प पडलेल्या हातोड्यांकडे. सारा जन्म या अंगणात गेलेला. एवढी शांतता बिचारीनं कधी अनुभवलीच नसावी.

"काका, ठोका!"

"अहो, आत्ताच म्हणालात ना..."

"चुकलं माझं. रोजच्यासारखी घागर ठोका!"

ठणठणाट सुरू झाला. घोडीचा एक कान पडला, मग दुसरा. खालचा ओठ लोंबला. मान इतकी जड झाली की काकूंनी ती खांद्यावर घेतली.

"मागे कुणी थांबू नका, गुंगीतही लाथ मारते," म्हणत डॉक्टरीणबाईंनी दाढेभोवती बधिर करून चिमटा लावला. कितीतरी वेळ हलवून हलवून शेवटी दाढ सुटली.

उन्हं कलल्यावर घोडी नीट जागी झाली, तेव्हा कुठे भिजवलेला कोंडा पुढे आला. काकूंनी तिच्या गळ्यावर हात ठेवला. तोंड हललं, थांबलं, पुन्हा हललं. मग हाताखालून काहीतरी हळूच सरकत गेलं.

"अहो, गिळला! खाली गेला!"

"काय?" ठोकता ठोकता काका ओरडले. "कोण गेला?"

काकूंना हसू आवरेना. उत्तर द्यायचं सोडून त्यांनी दुसरी मूठ पुढे केली.